खंडेनवमीचा टक्

आमच्या घरी खंडेनवमीची पूजा ‘टक्’ झाल्याशिवाय पुरी व्हायची नाही. पाटावर विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टरची किल्ली, पेट्रोल पंपावरचे पाने आणि मधोमध आबांचं पिस्तूल. आबा म्हणजे माझे वडील. देवगाव रंगारीची शेती वाट्यानं देऊन त्यांनी कन्नडच्या रस्त्याला पंप टाकला, रोजची रोकड बँकेत न्यायची म्हणून परवाना काढला आणि एका निवृत्त अधिकाऱ्याकडून हे जुनं विलायती पिस्तूल घेतलं. ते चालवायची वेळ देवाच्या कृपेनं कधी आली नाही. मात्र पूजा आटोपली, की आबा मॅगझिन बाजूला काढून, आत गोळी नाही ना हे पुन्हा पुन्हा बघून पिस्तूल अंगणातल्या भिंतीकडं रोखायचे आणि चाप ओढायचे. टक्. मग माय म्हणायची, “चला, पानं वाढते.”

पिस्तूल डबल अ‍ॅक्शनचं होतं. त्यात पहिल्या गोळीला चाप लांबवर, चांगला जोर लावून ओढावा लागतो, कारण त्याच ओढीत मागचा घोडा उठतो आणि पडतो. पुढच्या गोळ्या मग हलक्या बोटानं सुटतात. आबांना त्या पहिल्या जड ओढीचंच कौतुक. म्हणायचे, “रागाच्या भरात कुणी उचललं तरी चाप ओढस्तोवर अक्कल जाग्यावर येती.”

मग ती दुष्काळाची वर्षं आली. शहरात, गारखेड्यातल्या आमच्या घराभोवतीची मोकळी रानं बघता बघता अपार्टमेंटांनी भरली आणि प्रत्येकानं शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर मारलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाकी सगळा कारभार बोअरच्या मचूळ पाण्यावर. त्या पाण्यानं बादल्या पांढऱ्या पडल्या, तोट्या जाम झाल्या. आबांना न्हाणीतली तोटी फिरवता येईना, तेव्हा त्यांनी तोटी बदलली. मग गच्चीवरच्या टाकीचा कॉक बदलला. मग फाटकाचं कुलूप. शेवटी शर्टाच्या काजांवर खापर फोडून ते बिनबटणांचे झब्बे घालायला लागले, तेव्हा मी भडकले. म्हटलं, आबा, उद्या दवाखान्यात चला.

“क्षार तोट्यांना धरलेत,” ते म्हणाले, “माझ्या हाताला नाय.”

थोरल्या काकांचं असंच बोटांपासून सुरू झालं होतं. आधी चहाचा कप सुटायला लागला, पुढं हात वाळले, मग पाय, आणि दोन पावसाळ्यांत तो धिप्पाड माणूस कुशीवर वळवायला दोघं लागायला लागली. आबांनी सख्ख्या भावाचं ते सगळं हातांनी केलं होतं. त्यामुळं आमच्या घरात सगळ्यांना सगळं कळत होतं आणि तोंडातून चकार शब्द कुणी काढत नव्हतं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला झेंडूसुद्धा सुपारीएवढा आला होता. मायनं नेहमीसारखं पिस्तुलाला तिळाचं तेल चोळलं, हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. आबांनी भिंतीकडं हात केला. चाप हलला नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. दुसरा हातही लावला. मग घोडाच अंगठ्यानं मागं ओढायला बघितलं, तर अंगठा घसरला. मनगट थरथरायला लागलं.

“कुंकू गेलं असंल आत,” माय घाईघाईनं म्हणाली. “मी मेली दरसाल तेल ओतती, वरून हळद टाकती. जाम नाय होणार तर काय?”

आबांनी मान डोलावली. पानं वाढली गेली, पण पुरणपोळी कुणालाच धड गेली नाही.

मी आणि आबा सिटी चौकाजवळच्या एका गल्लीत बंदुका दुरुस्त करणाऱ्या चाचांकडं गेलो. चाचांनी परवाना बघितला, पिस्तूल उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवून हसायलाच लागले. “साब, ये पिस्तौल है के पूजा की थाली? अंदर तो हल्दी का हलवा हो गया!” खरंच, आतल्या खाचांमध्ये तेल, हळद आणि कुंकू यांचा घट्ट तांबडा थर बसला होता. तांदळाचा एक दाणासुद्धा निघाला.

आबांचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. “बघ!” ते मला म्हणाले. “दवाखाना म्हणं!” मग चाचांना म्हणाले, आता उघडलंच आहे तर चाप पण हलका करून द्या. चाचा आधी कुरकुरले. पहिली ओढ जड असते ती उगाच नव्हे साब, सांभाळायला असते. शेवटी म्हणाले, हौ, स्प्रिंग बदलतो, घासपूस करतो, पण बेतानंच.

येताना आबांनी गुलमंडीवर गरम इमरती घेतली. घरात पाऊल टाकताच ओरडले, “अगं, तुझ्या कुंकवानं घात केला की पिस्तुलाचा!” माय कपाळावर हात मारून घेत हसली. पुढचे आठ-दहा दिवस ती टँकरच्या रांगेत भेटेल त्या बाईला सांगत होती, “आवं, मीच वाटोळं केलं त्येचं, दुसरं कोण?” आपल्या चुकीचा एवढा आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मीही त्या आनंदात सामील झाले. दवाखान्याचं नाव काढलं नाही, कारण मलाही ते कुंकूच हवं होतं.

पिस्तूल न्यायला गेलो तेव्हा चाचांनी ते मऊ फडक्यावर ठेवलं होतं. रिकामं असल्याचं दाखवून त्यांनी आधी माझ्या हातात दिलं. “दबाव बेटी. मख्खन हो गया.” मी भिंतीकडं धरून चाप ओढला. लांब ओढ होती, पण मध्ये कुठं अडलं नाही. टक्. मी आयुष्यात पहिल्यांदा तो चाप ओढला होता आणि मला काहीच त्रास झाला नाही.

मग आबांनी घेतलं.

त्यांचं बोट चापावर टेकलं आणि तिथंच राहिलं. त्यांनी ओठ आवळले. मानेच्या शिरा फुगल्या. कोपर माझ्या खांद्याला लागत होतं आणि त्यांच्या दंडाला सुटलेलं कापरं मला कळत होतं. चाप जागचा हलला नाही. मला वाटलं, हिसकावून घ्यावं आणि चाचांवरच ओरडावं, की काय काम केलंत हे!

चाचांनी खाली बघत फडक्याची घडी घातली. “स्प्रिंग नवी है साब, अभी बैठी नहीं. छोड़ के जाओ, और देखता मैं.”

“नक्को चाचा,” आबा शांतपणे म्हणाले. “पिस्तूल बरोब्बर झालंय.” त्यांनी ते फडक्यावर परत ठेवलं. कव्हरात घालून चेन लावणं त्यांना जमेना, म्हणून ते मी केलं.

रिक्षात ते रस्त्याकडं बघत बसले होते. मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, त्याला वजनच नव्हतं. “सोमवारी जाऊ दवाखान्यात,” ते म्हणाले.

माय फाटकातच उभी होती. पायाशी टँकरच्या पाण्याचे हंडे होते आणि हात पदराला पुसत होती. “झालं का नीट?”

“झालं,” आबा म्हणाले. “पोरीनं ओढलं, लगेच चाललं.”

“आन् तुमी?”

आबांनी हात झब्ब्याच्या खिशात घातला. मायनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

“पण कुंकू निघालं व्हतं ना?” तिचा आवाज बारीक झाला. “माजंच चुकलं व्हतं ना?”

“नाय गं,” आबा म्हणाले. “तुझं काय बी चुकलं नव्हतं.”

माय हंड्याच्या कडेला धरून पायरीवर खाली बसली. “असं नका म्हणू,” ती म्हणाली. “नीट आठवा की. तेल मीच लई घातलं व्हतं. मीच घातलं व्हतं हो.”