एका डोळ्याचा धसका

शोभाताईंचा, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीचा, अकोल्याहून फोन आला तेव्हा मी अमरावतीत पेट्रोलच्या रांगेत होतो. "हे गेले हो, भाऊजी..." एवढंच त्या बोलल्या. माझ्या तोंडून निघालं, "असं कसं? परवाच तर माझ्या बीपीची चौकशी केली त्यांनी!" दुसऱ्याची काळजी करणाऱ्याला जणू मरायची परवानगीच नसते.

माझे साडू वसंतराव. वीज मंडळातून निवृत्त झाले आणि दुर्बीण घेऊन गावोगाव लोकांना आकाश दाखवत हिंडायला लागले. बरोबर त्यांच्यासारखेच तीन-चार हौशी, आणि रांग सांभाळायला मी. मला शनी आणि शुक्र यांतला फरक आजही सांगता येत नाही, पण "ढकलाढकली करू नका" हे मी फार अधिकाराने सांगतो. वसंतरावांना मात्र हजार काळज्या. तिवईला कुणी अडखळेल, पोरं उन्हात चक्कर येऊन पडतील... आम्ही हसायचो.

वलगावच्या शाळेत खंडग्रास सूर्यग्रहण दाखवायचं ठरलं. दुपार कलली होती, वारा होता. सूर्याकडे रोखायच्या दुर्बिणीच्या तोंडावर काळा फिल्टर बसवतात. तो उडू नये म्हणून वसंतरावांनी पुन्हा पुन्हा चिकटपट्टी लावली. पण मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर नेम धरायची एक छोटी दुर्बीण असते, तिला फिल्टर नसतो. तिचं झाकण लावायचं असतं. ते राहिलं त्यांच्या खिशात. रांगेतल्या आफरीनने, सत्तारभाई शिंप्याच्या लेकीने, मोठीला गर्दी म्हणून छोटीलाच डोळा लावला.

वसंतराव ओरडले आणि त्यांनी काचेवर तळहात दाबला. "किती वेळ पायलं बाई? सांग ना!"

"थोडंसंच. चमकलं, न् मी डोळा मिटला. कावून? काय झालं काका?"

तिला आणि सत्तारभाईंना घेऊन आम्ही तडक अमरावती गाठली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. "आज काही दिसत नाही. पण याचा परिणाम कधी कधी उशिरा कळतो. दोन दिवसांनी परत आणा."

ते दोन दिवस वसंतराव आमच्याकडेच राहिले. जेवण जाईना. एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचे. पोरीला मधोमध डाग दिसला तर काय, ओळ वाकडी दिसली तर काय... मीही एक डोळा झाकून पाहिलं. मला तर सगळंच धूसर! घाबरून त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "सुरेशराव, चष्मा डोक्यावर हाय तुमच्या." या वेळी मात्र आम्ही कुणी हसलो नाही.

डोळा शाबूत निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, सत्तारभाईंनी सांगितलं, आफरीनने स्वतः सांगितलं. वसंतरावांना पटेना. पुढे वर्षानुवर्षं काही ना काही निमित्त काढून ते वलगावला जात आणि तिला रस्त्यावर उभं करून लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचायला लावत. शेवटी सत्तारभाईच वैतागले, "भाऊ, पोरीचा डोळा टकाटक हाय. आता तुमचं डोकं दाखवा डाक्टरले!"

तेरवीला बापलेक अकोल्याला आले. आफरीन आता कॉलेजात आहे. शोभाताईंनी तिला जवळ घेतलं, पाणी दिलं. मग शोभाताई एकदम उठल्या आणि तिला हाताला धरून दारात घेऊन गेल्या. "बाई, त्या पल्याडच्या दुकानाची पाटी वाच बरं."

सत्तारभाई माझ्याकडे पाहायला लागले, मी चपलांकडे. आफरीनने मुकाट्याने एक डोळा हाताने झाकला आणि वाचलं. दुकानाचं नाव, मालकाचं नाव, खालची बारीक ओळसुद्धा.

"हं," शोभाताई म्हणाल्या, अगदी वसंतरावांसारख्या. "आता दुसऱ्यानं."