दहा बाय आठची श्रद्धांजली

माझ्या थोरल्या भावाला मी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली, तेव्हा तो घरात शेंगा फोडत बसला होता.

हे कसं झालं ते सांगायचं तर चाळीस वर्षं मागे जावं लागेल. (घाबरू नका, लगेच परत येऊ.) वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा एकच टीव्ही होता आणि त्यावर रविवारी ‘ध्रुवयान’ नावाची हिंदी मालिका लागायची. अंतराळात फिरणारं यान, त्यात सहा माणसं आणि त्यांचा कमांडर शेखर. यान पुठ्ठ्याचं आहे हे आम्हालाही दिसायचं, पण कमांडर खरा होता! कुठल्याही ग्रहावरून निघताना तो दारात उभा राहून विचारायचा, “कोई छूटा तो नहीं?” डोकी मोजून झाल्याशिवाय यान हलायचं नाही. उत्तमदादाने ते वाक्य उचललं ते कायमचंच. जत्रेहून निघालेली ट्रॉली असो नाहीतर लग्नाचं वऱ्हाड, मागच्या फळीवर उभा राहून तो हेच विचारायचा. एकदा मी खरोखर मागे राहिलो, तेव्हा त्याने अर्ध्या वाटेतून ट्रॉली फिरवून आणली. मी भेळेच्या गाड्यामागे रडत होतो. (म्हणजे डोळ्यात तिखट गेलं होतं.)

शाळेच्या गॅदरिंगला तर तो स्वतःच कमांडर झाला. इस्लामपूरच्या रशीदभाई टेलरनी निळा गणवेश शिवून दिला आणि दादाने हनुवटी वर करून फोटो काढून घेतला. त्याच नाटकात मी त्या ग्रहावरचा दगड होतो. माझाही फोटो आहे, पण मी कुठला ते सांगावं लागतं.

पुढे दादा फौजेत गेला, हवालदार होऊन परत आला. मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली आणि गेल्या वर्षी वहिनीही देवाघरी गेली. तेव्हापासून घरात तो एकटाच. मी इस्लामपुरात कॉलेजच्या ऑफिसात असतो, मोटारसायकलवर अर्ध्या तासाचा रस्ता. या वर्षभरात मी चार वेळा गेलो. (दिवाळी धरून.)

आणि मग बातमी आली की ‘ध्रुवयान’ नव्याने येतंय! आमच्या ‘ध्रुवयान प्रेमी’ ग्रुपवर पाचच माणसं, पण झलक आली तसं पाचशे जणांचं भांडण सुरू झालं. रशीदभाईंचं दुखणं गणवेशाचं होतं. कमांडरच्या अंगात झिप कशी, बटणं काय महाग झाली का, असं त्यांनी दोन दिवस सगळ्यांना विचारलं. दहिवडीकडे शेरडं राखणारा दादाचा फौजेतला मित्र म्हणाला की यान लय चकचकीत हाय, आपलं वापरातलं वाटायचं. दादा मात्र खूश होता. कितीतरी महिन्यांनी त्याने आपणहून फोन केला.

“शुक्रवारी पयला भाग हाय. येतोस का रं? दोघं बसून बघू.”

मी येतो म्हणालो आणि गेलो नाही. कारण लिहायला हवं म्हणून लिहितो: दमलो होतो. तेवढंच.

त्याने एकट्याने बघितलं. पहिल्या दहा मिनिटांतच नव्या मंडळींनी यान उडवलं आणि म्हातारा कमांडर शेखर एका ओसाड ग्रहावर मागे राहून मेला. कुणी डोकी मोजली नाहीत, कुणी मागे वळून पाहिलं नाही. ग्रुपवर हाहाकार झाला, रशीदभाई झिपसुद्धा विसरले. दादाने एकच ओळ लिहिली, “कमांडरच छूट गया,” आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला. मग त्याचा फोन लागायचा, पण उचलला जायचा नाही. गावातून कळलं की त्याचं दारही बंद आहे.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? गाडीला किक मारली असती. मी दहा बाय आठचा फ्लेक्स करायला दिला!

आमच्याकडे वाढदिवस असो, निवडणूक असो, शर्यतीत बैल पहिला येवो, नाहीतर माणूस जावो, स्टँडवर फ्लेक्स लागल्याशिवाय ते घडलं असं कुणी धरत नाही. तेव्हा कमांडर शेखरला श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावू, खाली ग्रुपमधल्या आम्हा उरलेल्या चार जणांचे शोकाकुल फोटो टाकू, दादा दूध आणायला बाहेर पडेल, बघेल, हसेल आणि मला फोन करेल, असा माझा हिशोब. अडचण एवढीच की जुन्या मालिकेतला कमांडरचा स्वच्छ फोटो मिळेना. सगळीकडे तो धुक्यातून आल्यासारखा. शेवटी मी दादाचाच गॅदरिंगमधला फोटो पाठवून दिला. निळा गणवेश, वर हनुवटी. कोण ओळखतंय?

फ्लेक्सवाल्या सुनीलने ओळखलं. तो आमच्याच गावचा, वय तीस, त्याने ‘ध्रुवयान’ ऐकलेलंही नाही; पण आमच्या भिंतीवरचा तो फोटो त्याने लहानपणापासून पाहिलेला. त्यात दादाचं दार बंद. त्याला वाटलं, बाळूकाका (म्हणजे मी) दुःखाने भ्रमलेत आणि भलतंच नाव लिहून बसलेत. आणि मयताच्या घरी फोन करून मजकूर विचारायचा नसतो, एवढी रीत त्याला होती. म्हणून त्या गुणी माणसाने सगळं आपल्या मनाने दुरुस्त केलं. ‘माजी सैनिक हवालदार उत्तमराव यांचे दुःखद निधन’. कोपऱ्यात तिरंगा आपल्या पदरचा. खाली शोकाकुलांत माझा फोटो सगळ्यात मोठा. मंगळवारी सकाळी स्वतः शिडी लावून त्याने तो स्टँडवर बांधला.

गावाने एका वाक्यात सगळं जुळवून टाकलं: मिलिटरी हॉस्पिटलात न्हेलं असंल, पुण्यास्नं आणायलेत. आठ वाजता मला जतच्या आत्याचा फोन आला. ती एवढी रडत होती की मला फक्त ‘उत्तम’ आणि ‘जीप’ हे दोनच शब्द कळले. मी तशीच गाडी काढली.

आणि इथे मला माझ्या अकलेची पूर्ण कबुली द्यायची आहे. स्टँडवर थांबून मी तो फ्लेक्स वाचला. मीच करायला दिलेला. दादाचं नाव, तिरंगा, दुःखद निधन, सगळं ठळक अक्षरात. आणि माझा त्याच्यावर विश्वास बसला! तीन दिवस न उचललेला फोन, बंद दार आणि न पाळलेला शुक्रवार, सगळं एकदम अंगावर आलं. सुनीलला खरं कळलं असणार, मला कुणी सांगितलं नसेल, असंच वाटलं. तिथून घरापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. मी मोठ्याने रडत होतो एवढं आठवतं, कारण शाळेची पोरं बाजूला झाली.

अंगण माणसांनी भरलं होतं. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद पिठलं-भाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. सात-आठ घरांची पिठली येऊन बसली होती. आणि मधोमध, पायरीवर, दादा बसला होता. तीन दिवस शेंगांवर काढलेले. दार उघडल्यावर बायकांनी हातात ताट दिलं, कशासाठी ते सांगायची कुणाची छाती होईना, आणि भुकेला माणूस गप जेवायला लागला होता. मी जाऊन त्याच्या पायावर पडलो.

त्याने भाकरी खाली ठेवली. “कोण गेलं रं?”

“तू,” मी म्हणालो.

“कवा?”

“आज. स्टँडवर लावलंय.”

तो हात धुऊन निघाला. मागे सगळं गाव, डोक्यावर पदर, टोप्या हातात. आपल्याच मयताच्या पुढे चालणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. दादाने फ्लेक्स सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचला.

“माज्यापरीस तुजा फोटू मोठा हाय,” तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, “शुक्रवारी येतो म्हणलावतास. तवा कोण न्हाई आलं. आता बघ, समदी आली. त्यासाठनं मरावं लागतंय व्हय?”

मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

तेवढ्यात जतची जीप आली. आत्याने आधी दादाचा गाल चाचपून पाहिला आणि मग मयतासाठी आणलेली हळदीकुंकवाची पिशवी माझ्या पाठीत घातली. एवढी लांबून आलेली माणसं, परत कशी पाठवायची? सगळे घरात बसले, पिठलं वाटून खाल्लं आणि दादाने टीव्हीवर तो पहिला भाग पुन्हा लावला. यान उडालं. ग्रहावर कमांडर एकटा उभा.

“आरं, त्यो मागं ऱ्हायलाय,” आत्या टीव्हीला म्हणाली. “न्हेवा की त्येला. कसली माणसं म्हणायची ही.”

तेव्हा दादा हसला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. आम्ही सगळे टीव्हीकडेच बघत राहिलो.

संध्याकाळी जीप निघताना तो मागच्या फळीशी गेला आणि त्याने विचारलं, “कोई छूटा तो नहीं?” आत्याने सगळी डोकी मोजली. मी अंगणातच उभा होतो. माझं डोकं त्या मोजणीत नव्हतं. मी त्या रात्री तिथेच राहिलो.

तेव्हापासून दर शुक्रवारी मी गावाला जातो. नवी मालिका आम्हा दोघांनाही अजिबात आवडत नाही, पण एक भाग चुकवत नाही. फ्लेक्स दादाने उतरवून आणला आणि कडब्याच्या गंजीवर घातला. ऊन-पावसात कमांडरचं तोंड वर. छापील बाजू खाली का नाही घातलीस, असं मी विचारलं, तर म्हणाला, “मागली बाजू कोरी हाय. ती मळू दिली न्हाई. येखादा शुक्रवार चुकवून बघ.”

मी सुनीलकडे माझा फोटो आत्ताच देऊन ठेवलाय. गॅदरिंगचाच. त्याने मजकूर आपल्या मनाने दुरुस्त केला तरी चालेल, फक्त मी कुठला दगड तेवढं त्याला दाखवून आलो आहे.