स्पार्टाची शपथ

इथं परदेशात, फुनाबोरीत, आमच्या खालच्या मजल्यावर एक मराठी प्रोफेसर एकटेच राहतात. मी चार यत्ता शिकलेला, तरी रोज सकाळी बाकावर बसून मला जुन्या ग्रीसमधल्या स्पार्टाचे कायदे सांगतात. सावकाश, पापणी न लववता. तिथं सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. कायदे करणाऱ्या लायकर्गसनं म्हणे, मी परत येईपर्यंत काही बदलायचं नाही, अशी लोकांकडून शपथ घेतली आणि दूर जाऊन उपाशी राहून मेला.

गेला महिनाभर प्रोफेसर वाळत चाललेत. आज घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "काका, मी येईपर्यंत घरातलं काही हलवायचं नाही. शपथ घ्या."

त्यांची बोटं बर्फासारखी गार. मी किल्ली त्यांच्याच खिशात कोंबली. "शपथबिपथ मी घेत नसतो. वर चला, सून भाकऱ्या टाकतेय."

आले. पण ताटासमोर बसून भाकरीला हात लावेनात, नुसते हसतात. मग मीही लावला नाही. बघू कोण आधी हरतं.