खडी फोडणारी लक्ष्मीबाई संगणकावर बसते

डोंगरकड्याच्या लक्ष्मीबाईनं आयुष्याची वीस वर्षं खडी फोडली. गावाबाहेरच्या खाणीवर नवरा जळबा घण घालायचा, ती हातोडीनं खडी करायची. त्या दगडावर पन्नास घरं जगत होती. २००२ साली चांगला दगड संपला, खाणीत पाणी लागलं. ठेकेदारानं यंत्रं उचलली आणि दुसरा डोंगर गाठला. जळबाही बोचकं बांधू लागला.

"ह्यो डोंगर सरला, त्यो बी सरंल. मंग कुटं जाशीला?" लक्ष्मीबाई म्हणाली. "आपून काई दुसरं शिकू."

"ह्या वयात?" जळबा हसला आणि गेला.

ती अडतीस वर्षांची, सातवी पास. दुसऱ्याच दिवशी एसटीनं वसमतला गेली. तिथं साधना नावाच्या मुलीनं कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. दारातल्या बाईला पाहून साधना म्हणाली, "मावशी, झाडायला बाई आहे आमच्याकडं."

"झाडायला न्हाई आले, बाई. शिकायला आले."

साधना वरमली. तिनं खुर्ची पुढं सरकवली.

बोटं घट्ट्यांनी टणक झालेली, त्यांना कळांचा स्पर्शच कळेना. पहिल्या दिवशी लक्ष्मीबाईनं एक कळ अशी दाबून धरली, की पडद्यावर एकाच अक्षराची रांगच रांग लागली. पोरी खिदळल्या. तिनं घरी येऊन कोळशानं भिंतीवर सगळ्या कळा काढल्या आणि भाकरी भाजता भाजता पाठ केल्या. सहा महिन्यांनी हसणाऱ्या पोरी मागं पडल्या.

मग क्लासला मोठं काम आलं. शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं, म्हणजे मुलांची नावं नि जन्मतारखा, संगणकात उतरवायची होती. शाई उडालेली, अक्षर किरटं. कॉलेजच्या मुली पानापानावर अडायच्या. लक्ष्मीबाईचे वडील कोतवाल होते. त्यांची नजर गेल्यावर गावचे सगळे कागद तीच त्यांना वाचून दाखवायची.

"हे रत्नपाल हाय," ती बोट ठेवून सांगायची. "तवाचे मास्तर 'ल' असाच खाली ओढायचे."

काम आवरेना, तेव्हा ती साधनाला म्हणाली, "माज्याकडं बाया हायत. खाणीवरच्या. तुमी मशिनी द्या, शिकवते मी."

डोंगरकड्याच्या बुद्धविहाराशेजारच्या खोलीत चार संगणक बसले. ज्यांना थोडंफार वाचता यायचं अशा दहा जणी आल्या. एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं टंकायचं, तिसरीनं ताडून पाहायचं. एव्हाना जळबाही परतला होता, तिकडचा दगडही सरला होता. तो मुकाट्यानं रजिस्टरांची धूळ झटकून द्यायचा.

२००६ साली पुरं झालेलं काम देऊन साधनानं अकरा जणींनाच हिंगोलीला पाठवलं. शिक्षण खात्याच्या कचेरीतल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "खाणीतल्या बायकांनी केलंय हे?"

"व्हय. तपासा की."

साहेबांनी रजिस्टरं मागवली, वाटेल ती पानं उघडली. शंभर नोंदी काढल्या. नव्व्याण्णव बरोबर निघाल्या. शंभराव्या नोंदीवर ते थांबले. "हे बघा, जन्मसाल चुकलं."

बायकांचे चेहरे उतरले. लक्ष्मीबाई उठली, रजिस्टर आपल्याकडं फिरवलं. "साहेब, कडंला बघा. हेडमास्तरांनी दुरुस्ती करून सही केलीय. आमी दुरुस्त केलेलं घेतलंय."

साहेबांनी पान उजेडाकडं धरलं. फिकट शाईतली सही तिथं होती. ते मोठ्यानं हसले आणि खुर्चीवरून उठले. "बसा, बाई. बाकीच्या तालुक्यांचं कामही तुम्हीच करा."

बायकांनी एकच गलका केला. त्यांच्यातली नर्मदाबाई तर रडायलाच लागली.

"संस्थेचं नाव काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

नावाचा विचार कुणी केलाच नव्हता.

"लिवा लक्ष्मीबाईचं," नर्मदाबाई डोळे पुसत म्हणाली.

"काहून माजं एकटीचं? अकरा जणींची नावं लिवा."

साहेबांनी कागद उलटा केला आणि एकेक नाव विचारून लिहू लागले. लक्ष्मीबाई टेबलाशी उभी राहून प्रत्येक ओळ वाचत होती. चौथ्या नावावर तिनं त्यांना थांबवलं आणि जीवनबाईच्या 'जि'ची वेलांटी दीर्घ करायला लावली.