आप्पा मगदूमांचा एकच प्रश्न

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला आलेल्या विद्यार्थ्यासमोर आप्पा मगदूम आधी चहा ठेवायचे आणि कप रिकामा झाला की लोखंडाचा एक तुटका तुकडा. तळहाताएवढा, जड. त्याला ते रोज तेलाचं बोट लावत, त्यामुळे इतक्या वर्षांतही त्यावर गंज नव्हता. "हे का तुटलं, सांगा पावणं," एवढाच त्यांचा प्रश्न. विद्यार्थी गंधक, फॉस्फरस, कार्बन असं सुरू करायचा. आप्पा थोडं ऐकून घेत आणि हात वर करत. "हे पुस्तकातलं झालं. आता ह्यातलं सांग."

आप्पांची शिरोली एमआयडीसीत लोखंड ओतायची लहानशी फौंड्री होती. धातुशास्त्रातली पदवी घेऊन एम.टेक.ला जाणाऱ्या एका विद्यार्थ्याला ते दरवर्षी शिष्यवृत्ती देत. मी त्याच विषयाचा प्राध्यापक, म्हणून निवडीच्या वेळी राजारामपुरीतल्या त्यांच्या ऑफिसात शेजारी बसायचो. आप्पा स्वतः सातवी शिकलेले. गडहिंग्लजजवळच्या खेड्यातून ते आणि धाकटा भाऊ भरमू कोल्हापुरात आले, दुसऱ्याच्या भट्टीवर राबले आणि मग स्वतःची टाकली. भट्टीतल्या रसाचा नुसता रंग बघून ते "अजून दोन मिनिटं" म्हणत आणि ते बरोबर निघे. आमच्या तापमानाच्या मीटरवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. शिकलेल्या माणसावर मात्र होता, जरा जास्तच.

शिष्यवृत्तीला भरमूचं नाव होतं. वीस वर्षांपूर्वी फौंड्रीत वजन उचलायची चेनपुली धरणारं ब्रॅकेट तुटलं आणि टांगलेला साचा खाली उभ्या असलेल्या भरमूवर कोसळला. ब्रॅकेट यांच्याच भट्टीत ओतलेलं. टेबलावरचा तुकडा त्याचाच. चौकशीत लिहिलं गेलं, की मयत इसम उचललेल्या वजनाखाली उभा होता. आप्पाही तेच म्हणत. "भरमाचं चुकलं. पर लोखंड का तुटलं, हे मला कुणी सांगितलं न्हाय. सांगणारं एक तरी माणूस तयार झालं पायजे की."

सहा वर्षं सहा विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. प्रत्येकाचं वेगळं, प्रत्येकाचं ठाम. आप्पा माझ्याकडे बघत, मी मान डोलवी आणि शिष्यवृत्ती मंजूर होई.

सातव्या वर्षी सुजाता आली. तीही गडहिंग्लजकडचीच, वडील एसटीत चालक. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर एम.टेक. सोडून नोकरी धरावी लागणार होती. तिनं तुकडा खिडकीपाशी नेला, उलटसुलट करून पाहिला आणि परत आणला.

"नुसतं बघून न्हाई कळायचं, आप्पा. कापायला लागंल."

"कापायचं?" आप्पांनी तुकडा तिच्या हातातून हिसकावूनच घेतला. "माझा भाऊ हाय ह्यो! भावाला कापतीस व्हय?"

पोरीचा चेहरा उतरला, पण ती उठली नाही. "अंदाज सांगू शकते. सांगितला तर तुम्ही शिष्यवृत्तीही द्याल. पण तो अंदाजच असंल."

आप्पांनी तिला जायला सांगितलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी रिकाम्या कपात पाहत राहिलो.

आठवडा उलटला आणि आप्पा आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले, हातात रुमालात बांधलेला तो तुकडा. "त्या पोरीला बोलवा. तिनंच कापायचं." कापताना ते आत आले नाहीत, व्हरांड्यात पाठ करून उभे होते. सुजातानं तुकडा कापला, आरशासारखा घासला, त्यावर आम्ल लावलं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. मग मला म्हणाली, "सर, तुम्ही बघा."

लोखंड चांगलं होतं. पण एका कडेला वेल्डिंगचा पट्टा होता, त्याच्या शेजारी पांढरा, काचेसारखा ठिसूळ झालेला थर आणि त्या थरातून गेलेला तडा. ओतीव लोखंडाला वेल्डिंग केलं की शेजारचा भाग असा ठिसूळ होतो, हे आम्ही वर्गात शिकवतो.

तिनं आप्पांना सोपं करून सांगितलं. "ओतताना ह्याला भोक पडलं होतं. ते कुणीतरी वेल्डिंगनं बुजवलं, वरनं घासलं, रंग दिला. तडा तिथनंच सुरू झालाय."

आप्पा स्टुलावर बसले. "कुणीतरी न्हवं. मीच," ते म्हणाले. "भरमा म्हणला हुता, अण्णा, दुसरं ओतूया. मी म्हणलं, कुठं इकायचं हाय, आपल्याच वापराला तर हाय." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मला आधीपास्नं म्हाईत हुतं का न्हाय, हे आता मलाच कळंना."

त्यांनी सुजाताकडून ते सगळं एका कागदावर मराठीत लिहून घेतलं आणि मला घेऊन भरमूच्या बायकोकडे, पद्माक्कांकडे गेले. कागद मी वाचला. पद्माक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे ह्येंची चूक न्हवती."

"न्हवती. माझी हुती."

"वीस वरसं दारात येणारा प्रत्येकजण म्हणतोय, भरमू खाली उबारलाच कशाला. तुम्हीबी म्हणलायसा." त्यांचा आवाज चढला नाही. "त्या शिष्यवृत्तीवरनं ह्येंचं नाव काढा. तुमच्या मनाच्या समजुतीला ह्येंचं नाव नगं."

त्या आत गेल्या. आम्ही बराच वेळ बसून राहिलो. त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

आप्पांनी दुसऱ्याच दिवशी नाव काढलं आणि शिष्यवृत्ती सुजाताला दिली. सुजाताचा मला फोन आला, "सर, ही शिष्यवृत्ती मी कशी घेऊ?" आप्पा माझ्याजवळच होते. त्यांनी फोन ओढून घेतला. "पेपर सोडवलास न्हवं? मग मार्क घ्यायला लाजतीस व्हय?" ती गेली, शिकू लागली. इकडे आप्पांनी फौंड्रीत ओतकामाला वेल्डिंग लावणं बंद केलं. भोक दिसलं की माल त्यांच्यासमोर फोडायचा. माल वेळेवर जाईना, गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. आप्पांनी कुणाला कारण सांगितलं नाही. पूर्वीचा मोठा आवाजही राहिला नाही.

यंदा ते अंथरुणाला खिळले. भेटायला गेलो तेव्हा त्यांनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं.

"सर, सहा वरसं माझ्या शेजारी बसलायसा. कापल्याबिगार कळत न्हाय, हे तुम्हाला म्हाईत हुतं न्हवं?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. "होतं."

"मग?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, आप्पा."

ते रागावले नाहीत. छताकडे पाहत सावकाश म्हणाले, "मला वाईट वाटू नये म्हणून. आणि तिकडं पद्मा लोकांचं ऐकत बसली."

चौथ्या दिवशी ते गेले.

नंतर एकदा मी पद्माक्कांकडे गेलो. आता शिष्यवृत्तीला भरमूचं नाव पुन्हा लावू का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली, "न्हाय." मी उठलो. चपला घालत होतो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या.

"त्या पोरीचं शिक्षण कुठवर आलंय," त्या म्हणाल्या, "तेवढं मला अधनंमधनं सांगत जावा."