राबात भाजलेला पाय

कुडपणच्या आमच्या जमिनीत नाचणी-वरीशिवाय काही पिकत नसे. तीही शिमग्यापर्यंत संपे, मग कंद उकडून खायचे. तशातही बाने मला महाडला ठेवून शिकवलं. आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. मी. त्याचा मला अभिमान आहे.

मी महाडात मास्तर झालो त्याच वर्षी बाला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवी उकळून दाखवली, ती विटेसारखी लाल झाली. पायांना मुंग्या येतात का, असं त्यांनी विचारलं. येत होत्या, आता थांबल्या, असं बा म्हणाला. पाय बरे झाले असं त्याला वाटलं. मलाही वाटलं. त्याबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

वैशाखात राब भाजायला गावी गेलो. नाचणीची रोपं करायच्या जागेवर शेण-पाला पसरून जाळायचा आणि धग असतानाच राख सारखी करायची. त्या जमिनीत वहाण घालून कुणी उतरत नाही, बाटते म्हणतात. बा अनवाणी निखाऱ्यांवरून फिरत होता आणि बांधावरची भावकी कौतुकानं बघत होती.

चुलता म्हणाला, "बघ रे मास्तरा, तुज्या बापाला देव पावलाय. चटका म्हनून लागत नाय."

मी धावत जाऊन बाला बाहेर ओढला. तळव्याची कातडी सोलून निघाली होती, आणि तो हसत होता.

"देव नाय पावला," मी चुलत्याला म्हटलं, "साखरेच्या आजारानं पाय मेलेत त्याचे. आणि तुम्ही बघत बसलात."

चार बुकं शिकलेला आता देवालाही शिकवणार, असं चुलता सगळ्यांना ऐकवून बोलला. त्याला भगताकडून अंगारा आणायचा होता. मी ऐकलं नाही. घोंगडीची डोली करून बाला पोलादपूरला उतरवला, तिथून एस.टी.नं महाडला. जिवंत माणसाला असं नेतात काय, म्हणून तो वाटभर मला शिव्या देत होता. मीही उलट बोललो. आयुष्यात पहिल्यांदा.

पाय काळा पडत चालला. डॉक्टर घोट्यावर कापायचं म्हणाले. मी आठ दिवस मागून घेतले. जखम धुवायला आणि इन्सुलिनची सुई उकळून टोचायला शिकलो. बाला बिनसाखरेचा चहा पाजताना रोज भांडण व्हायचं, रोज मी जिंकायचो.

दोन बोटं गेली. पाय राहिला.