बाई मला पाहायला आल्या

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण मी एकदा सांगायला लागलो की चहा निवेल पण मी थांबणार नाही! असला गाढवपणा अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केला नसेल. आणि केवढ्याशा गोष्टीवरून? एका साध्या मराठी वाक्यावरून!

दहाव्या वर्षी मी मामाकडे नैरोबीला गेलो, तिथून शिकायला लंडनला. परतलो तेव्हा स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि माझ्या डोक्यात नुसता जाळ. समता आणायची! न्याय आणायचा! आता डोंबिवलीत आईवडिलांच्या घरी पंख्याखाली बसून न्याय कसा येणार? म्हणून ठाण्याच्या खाडीकाठी, मिठागरांच्या एका गावात खोली घेऊन राहिलो. खोली भागीकाकीची. काकी आणि तिचा नवरा रामाकाका, दोघंही मिठागरात राबायची. उन्हात पाय सोलून निघायचे, आणि मजुरी म्हणाल तर चेष्टाच!

माझं मराठी म्हणजे आईच्या ट्रंकेतल्या जुन्या पुस्तकांतलं. पहिल्याच सभेत मी गरजलो, "काकी, तुमचं शोषण होत आहे!"

"व्हतो ना बाबा," काकी म्हणाली, "उनान घशाला लय शोष परतो." आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. "तू पन पी. वरडून वरडून तुना पन परला असल."

मला वाटलं, वा! जागृती सुरू झाली!

असं वर्ष गेलं. गाव मला 'मास्तर' म्हणायला लागलं. मग विलायतेच्या एका संस्थेची शिष्यवृत्ती निघाली. सामाजिक न्यायाचं काम करणाऱ्या पदवीधराने दोन वर्षं परदेशात संशोधन करायचं. तिकडच्या मजुरांनी आपले हक्क कसे मिळवले ते शिकायचं, आणि परत येऊन इथे मिठागरात तेच करून दाखवायचं. मी तर हरखलोच! मिळाली तर गावाचं भलं. नाही मिळाली तर वडिलांनी डोंबिवलीत बसल्या बसल्या माझ्यासाठी बँकेतली एक खुर्ची हेरून ठेवलेलीच होती. संस्थेच्या मिस हार्टली मुंबईला आल्या होत्या आणि रविवारी त्या माझं काम तपासायला गावात येणार होत्या.

हे काकीला सांगायला नको? 'शिष्यवृत्ती' म्हटलं तर ती म्हणाली, "कोनचा व्रत?" म्हणून ठरवलं, अगदी सोप्या भाषेत सांगू. आणि तिथेच घात झाला.

"काकी, रविवारी विलायतेच्या एक बाई मला पाहायला येणार आहेत."

काकीच्या हातातलं सूप थांबलं. "तुना? बघाला?"

"हो. चार प्रश्न विचारतील. वागणूक कशी आहे, लोकांत मिसळतो की नाही, ते बघतील. पसंत पडलो तर दोन वर्षांसाठी घेऊन जातील."

"आन खर्च?"

"सगळा त्यांच्याकडचा!"

"आयबापाना सांगलास?"

"त्यांना काय विचारायचंय? निर्णय माझा आहे."

काकीने रामाकाकाकडे पाहिलं. रामाकाकाने आढ्याकडे. "त्यांच्यान तशीच रीत असल," तो म्हणाला.

तुम्हाला कळलं ना? तुम्ही पडलात इथली माणसं! मला कसं कळणार? नैरोबीत मला कधी कोण पाहायला आलं होतं?

पुढचे दिवस गावाने नुसती धांदल केली. पडवी सारवली. पाटाभोवती रांगोळी काढली. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून पेढे आले. मी आपला खूश. लोक स्वतःहून कामाला लागलेत, आणखी काय हवं? रविवारी सकाळी रामाकाकाने आपला लग्नातला काळा कोट मला चढवला. बाह्या कोपराशीच संपल्या. काकीने गालाला काजळाचा ठिपका लावला. मी म्हटलं, जनतेचं प्रेम नाकारणारा मी कोण?

टांगा थांबला. मिस हार्टली उतरल्या. केस पांढरेशुभ्र, हातात काठी, वय साठीच्या पुढे. काकीने माझा दंड धरला.

"मास्तर! ही तं तुझ्या आयेपेक्षा मोठी हाय रं!"

"खूपच मोठी!" मी अभिमानाने म्हटलं. "त्यांच्या तोडीचं तिकडे कुणी नाही!"

काकीने कपाळाला हात लावला. मी काय समजलो? काकीने बाईंना नमस्कार केला!

मग तिने चहापोह्यांचं ताट माझ्याच हातात दिलं. "तूच ने. मान खाली घाल. दात दाखवू नको."

मी मान खाली घालून, चोरपावलांनी ताट घेऊन निघालो आणि मनात टाळ्या वाजवत होतो. पुरुषाने वाढायचं, बाईने बसून खायचं! माझी समतेवरची भाषणं फळाला आली म्हणायची!

मिस हार्टलींनी मला पाटावर बसायला सांगितलं नव्हतं. ते काकीने सांगितलं. बाई इंग्रजीत म्हणाल्या, "या लोकांना विचारा, तुमच्याविषयी त्यांचं मत काय?"

मी विचारलं. काकी पुढे सरसावली. "सांग तिला, पोर निर्व्यसनी हाय. जेवतो दोघांचा, पन कुरकुर नाय. घोरतो. ते आतांच सांगलेला बरा."

मी जरा गोंधळलो. घोरण्याचा आणि न्यायाचा काय संबंध?

तेवढ्यात रामाकाका खाकरला. "आन तिला बोल, आमचा मास्तर घरजावाय होनार नाय. दोन वरसांनी दोघांनी हिकरंच याचा."

घरजावई! पाट, रांगोळी, पोहे, कोट, काजळ... अरे देवा! आणि काकी नारळ घेऊन बाईंच्या ओटीकडे निघालेली! "वय जास्ती हाय," ती गावाला सांगत होती, "पन बाय मनान चांगली दिसते. आमाला पसंत हाय!"

"हा नारळ कशासाठी?" मिस हार्टलींनी विचारलं.

सांगितलं. दुसरं काय करणार? बाई एवढ्या हसल्या की काठी खाली पडली. डोळे पुसले, नारळ दोन्ही हातांनी मांडीवर घेतला, काकीचा हात धरला. मग माझ्याकडे वळल्या, आणि हसू संपलं.

"शिष्यवृत्तीचे पैसे आहेत," त्या म्हणाल्या, "पण मी कशाला येतेय, एवढंसुद्धा तुम्हाला यांना सांगता आलं नाही. हक्क कसे सांगणार? परदेशी जाऊन काय शिकणार? अजून एक वर्ष इथेच राहा. यांच्याकडून बोलायला शिका. मग पुन्हा अर्ज करा."

टांगा गेला. सगळं गाव माझ्याभोवती.

"काय बोलली रं?"

"नापसंत."

पडवीभर चुकचुकाट झाला. "कोट आखूर झाला," रामाकाका हळहळला.

"रंगावरून असेल," मी पुटपुटलो. खरं कारण सांगायला जीभ रेटेना.

"रंगाचा काय नाय," काकी म्हणाली. "तुझा बोलनाच कोनाला कलत नाय, मास्तर. आमी वरीसभर नुसती मान हलवताव. ती बाय हुशार, तिना एका घटकेत वलखला!"